आधी वारा, मग पाऊस

२५ मे २०२५ हा रविवार बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली माणसे लवकर विसरणार नाहीत. मेच्या अखेरीस इथे विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि कालव्याच्या उन्हाळी आवर्तनावर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. त्या दिवशी मात्र ओढे रस्त्यावर आले. बारामतीजवळ पिंपळी-लिमटेकच्या हद्दीत नीरा डावा कालवा फुटला आणि पाणी शेतांत पसरले. काटेवाडीत घरांत पाणी शिरले. मदतीसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. वर्षभरात सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाहणाऱ्या अवर्षणप्रवण पट्ट्यात हे घडले, तेही मृग नक्षत्र लागण्याआधी.

आदल्या दिवशी, २४ मेला, अरबी समुद्रातला कमी दाबाचा तीव्र पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून जमिनीवर आला होता. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोहोचला. त्याची नेहमीची तारीख १ जून. २६ मेला तो मुंबईत होता, जिथे तो सहसा ११ जूनच्या सुमारास येतो. मुंबईच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आलेला नव्हता. कोकणातून घाट चढून आलेली ती दमट, जड हवा या वेळी घाटमाथ्यावरच रिकामी झाली नाही. कमी दाबाच्या केंद्राबरोबर ती पूर्वेकडे ओढली गेली आणि पर्जन्यछायेत येऊन कोसळली.

या भागात पावसाची चर्चा बहुधा मिलिमीटरमध्ये होते. किती पडला, कुठल्या मंडळात पडला, अतिवृष्टीची ६५ मिलिमीटरची अट पूर्ण झाली का, पंचनामे होणार का. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण पाऊस पडण्याच्या आधी एक गोष्ट ठरलेली असते: त्या दिवशी आपल्या डोक्यावर कुठली हवा आहे. ती कुठल्या समुद्रावर किंवा वाळवंटावर जन्मली, वाटेत तिने काय घेतले आणि काय टाकले, आणि इथे ती कुठल्या दुसऱ्या हवेला भेटते आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचे हवामान समजून घ्यायचे तर आधी या हवांची ओळख करून घ्यायला हवी.

हवेलाही गाव असते

एखाद्या विस्तीर्ण प्रदेशावर हवा बरेच दिवस पडून राहिली, की ती त्या प्रदेशाचा स्वभाव उचलते. तापलेल्या वाळवंटावरची हवा उष्ण आणि कोरडी होते, कोमट समुद्रावरची उष्ण आणि दमट, बर्फाळ जमिनीवरची थंड आणि जड. शेकडो, कधी हजारो किलोमीटर पसरलेल्या अशा एकजिनसी हवेला वायुराशी म्हणतात. दोन वेगळ्या स्वभावांच्या वायुराशी भेटतात तेव्हा त्या चटकन मिसळत नाहीत. जड हवा खालून घुसते आणि हलकी तिच्यावर चढते. चढणारी हवा थंडावते, तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात, ढग उभे राहतात. या सीमेला आघाडी म्हणतात. नॉर्वेतल्या बर्गन शहरात विल्हेल्म बर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिले महायुद्ध संपता संपता ही कल्पना मांडली. युरोपातल्या हवामानाच्या अंदाजाचा पाया तिथे घातला गेला.

आपल्याकडे ती जशीच्या तशी लागू पडत नाही. युरोपात ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या तापमानात मोठी तफावत असते. महाराष्ट्रात तेवढी तफावत क्वचितच दिसते. इथे दोन हवांमधला खरा फरक असतो ओलाव्याचा. एकीकडे समुद्राचे बाष्प घेऊन आलेली हवा आणि दुसरीकडे राजस्थान-सिंधच्या किंवा त्यापलीकडच्या वाळवंटातून आलेली कोरडी हवा. इंदापूरच्या आभाळात वर्षभर जे घडते, ते बहुतांशी या दोघींच्या येण्याजाण्यातून, रेटारेटीतून घडते.

आषाढातले पळणारे आभाळ

मोसमी हवेचे मूळ दक्षिण हिंदी महासागरात, मॉरिशसच्या आसपासच्या जास्त दाबाच्या प्रदेशात आहे. तिथून निघून ती विषुववृत्त ओलांडते, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला घासून उजवीकडे वळते आणि सोमालियाजवळून अरबी समुद्रावर झेपावते. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा हा वेगवान प्रवाह फिंडलेटर या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये तपशीलवार मांडला. अरबी समुद्र ओलांडताना ही हवा बाष्पाने भरते आणि कोकणच्या किनाऱ्यावर येते.

पुढे सह्याद्री आडवा येतो. महाबळेश्वरच्या माथ्यापर्यंत चढताना हवेला तेराशे मीटरहून अधिक वर जावे लागते. चढताना ती थंडावते आणि बाष्प सोडते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तो या चढणीमुळे. माथा ओलांडला की उतार सुरू होतो. खाली येणारी हवा दाबली जाते आणि तापते. ढगांपासून मोकळी झालेली हवा दर शंभर मीटर उतरणीला सुमारे एक अंश सेल्सिअसने तापते. तापलेल्या हवेची बाष्प धरून ठेवायची ताकद वाढते, म्हणून उरलेले ढगही विरू लागतात. वाईला पाऊस कमी, फलटणला त्याहून कमी. नीरेच्या उत्तर काठावरचे वालचंदनगर येईपर्यंत महाबळेश्वरच्या पावसाचा दहावा हिस्साही उरत नाही.

आषाढात इथे आभाळ रिकामे नसते. दिवसचे दिवस मळभ असते, ढग एकामागून एक पूर्वेकडे धावत असतात, वारा उसाची पाने फाडतो, अधूनमधून भुरभुर येते आणि अंगण भिजायच्या आत थांबते. आभाळ भरून येते आणि वारा पळवून नेतो, असे इथे म्हणतात, आणि ते शास्त्राला धरून आहे. खालच्या थरात मोसमी वारा पश्चिमेकडून जोरात वाहत असतो. त्यातला दमट थर घाट ओलांडल्यावर उथळ होतो आणि त्याच्यावर कोरडी हवा झाकण घालून बसते. खालून वर जाणारा ढग त्या झाकणाला टेकतो, आडवा पसरतो, वाऱ्याबरोबर निघून जातो. ढग उंच वाढला नाही तर त्यातले बारीक थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. बाष्प डोक्यावरून जाते, पाऊस होत नाही. अरबस्तानाकडची कोरडी हवा या प्रवाहात मध्येच घुसली तर ती भुरभुरही बंद होते. पावसाचा खंड वीस-पंचवीस दिवसांवर जातो, पेरलेली बाजरी माना टाकते.

मग इथला ऊस कशावर उभा आहे? त्याच हवेवर, पण वेगळ्या वाटेने. भोरच्या डोंगरांत मोसमी हवेने सोडलेले पाणी भाटघर, नीरा देवघर आणि वीर या धरणांत साठते. नीरा डावा कालवा ब्रिटिश काळात, १८८० च्या दशकात झाला. मोठे भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. या पाण्याच्या भरवशावर सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर ऊस, साखर कारखाना आणि पुढे अवजड यंत्रांचा उद्योग उभा केला, आणि त्यातून वालचंदनगर वसले. तालुक्याच्या उत्तरेला उजनी आहे. ११७ टीएमसी पाणी मावणारे हे धरण मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, घोड या नद्यांच्या पुराने भरते. इंदापुरात थेंब नसतानाही उजनी शंभर टक्के भरल्याची बातमी येते. म्हणून जुलैत लासुर्णे, जंक्शन, निमसाखरच्या चहाच्या टपऱ्यांवर पहिला प्रश्न असतो, धरणावर किती झाला. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला तर स्वतःच्या आभाळापेक्षा भोरच्या आभाळाची चिंता अधिक.

छायेतल्या ढगांचा अभ्यास

डोक्यावरून जाणाऱ्या बाष्पाचा काही भाग खाली उतरवता येईल का, याचा देशातला एक महत्त्वाचा प्रयोग याच पर्जन्यछायेत झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात विमानांनी ढगांत क्षारकण सोडले. काही ढगांत बीजे पेरली, काही मुद्दाम तशीच ठेवली, आणि रडार व पर्जन्यमापकांनी दोन्हींची तुलना केली. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बीजारोपण केलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेला सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस साधारण १८ टक्क्यांनी वाढला.

हा आकडा आशादायक आहे, पण त्याची अट विसरता कामा नये. पेरायला योग्य ढग आधी आभाळात असावा लागतो. कोरड्या हवेत ढगच उभा राहत नाही आणि उथळ ढगात मीठ टाकून उपयोग नसतो. कृत्रिम पाऊस दुष्काळ हटवील, असे आश्वासन कुणी दिले तर त्याला या निष्कर्षांकडे बोट दाखवावे. योग्य हवा असेल तेव्हा थोडी भर, एवढीच त्याची मर्यादा आहे.

हस्ताचा आधार, ऑक्टोबरचा तडाखा

या तालुक्यांचा खरा पावसाळा सप्टेंबरात असतो. पश्चिमेचा वारा तोवर मंदावतो. त्याच्या जोरामुळे उथळ राहिलेले ढग आता उभे वाढू शकतात. पूर्वेकडून, बंगालच्या उपसागरातून, दमट हवा दख्खनवर सरकू लागते. दुपारपर्यंत जमीन तापते, चारच्या सुमारास पूर्वेला काळे ढग दिसू लागतात, संध्याकाळी गडगडाटासह सर येते. पूर्वा, उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे म्हणूनच इथे मृगाइतकीच महत्त्वाची आहेत. काळ्या रानातली रब्बी ज्वारी हस्ताच्या ओलीवर पेरली जाते आणि त्या ओलीवरच निघते.

हीच पूर्वेची हवा कधी सीमा ओलांडते. १३ ऑक्टोबर २०२० ला सकाळी बंगालच्या उपसागरातला तीव्र कमी दाब काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आला. त्याने तेलंगणात हाहाकार उडवला, हैदराबाद बुडवले. सहसा अशा प्रणाली जमिनीवर आल्यावर लवकर विरतात, कारण खालून बाष्प मिळेनासे होते. ही विरली नाही. १४ ऑक्टोबरला ती सोलापूर-पुण्याच्या पट्ट्यावर होती आणि अरबी समुद्रातूनही तिला बाष्प मिळत होते. दोन समुद्रांची दमट हवा एका केंद्राभोवती फिरू लागली. इंदापूर तालुक्यात ओढ्यांना पूर आला, रस्ते तुटले, उभा ऊस लोळला, डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागांत पाणी साचले. पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर ही प्रणाली पश्चिमेला सरकत अरबी समुद्रात उतरली. पूर्व किनाऱ्यावर सुरू झालेले एक वादळी केंद्र सगळा दख्खन ओलांडून दुसऱ्या समुद्राला मिळाले आणि त्याच्या वाटेवर आपली शेते होती.

थंडीतला पाहुणा

दिवाळीनंतर उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. आभाळ निरभ्र होते, रात्री जमीन आपली उष्णता मोकळेपणाने सोडते, पहाटे पारा खाली येतो, नीरेच्या काठच्या रानांत धुई उतरते. उसात साखर भरायला ही कोरडी थंडी हवीच असते. कारखान्यांचा गळीत हंगाम आणि उत्तरेचा वारा यांची सांगड अशी आहे.

या काळात उत्तर भारतावरून पश्चिमी प्रक्षोभ जात असतात. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या परिसरातून निघालेल्या या प्रणाली बर्कनेस यांच्या आघाड्यांच्या दूरच्या नातलग. इथवर येईपर्यंत जमिनीलगतची आघाडी बरीच विरलेली असते, पण वरच्या थरातली थंड हवेची खोलगट लाट शाबूत असते. काश्मीर-हिमाचलात त्या बर्फ टाकतात आणि पुढे सरकल्या की मागून थंड वारा सोडतात. महाराष्ट्रातली थंडीची लाट बहुधा अशा प्रक्षोभाच्या पाठोपाठ येते.

वरच्या थरातली अशी एखादी खोलगट लाट फार दक्षिणेला उतरली तर गणित बिघडते. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राने अभूतपूर्व गारपीट पाहिली. विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात लाखो हेक्टरवरची पिके गेली. वरच्या थरातला पश्चिमी झोत नेहमीपेक्षा दक्षिणेला आला होता आणि त्याच्याबरोबर पाच-सहा किलोमीटर उंचीवर थंड हवा आली होती. खाली मात्र जमीन तापू लागली होती आणि दोन्ही समुद्रांकडून बाष्प येत होते. खाली उबदार व दमट, वर थंड व कोरडी अशी रचना झाली की ढग उसळी मारून वर जातो. त्याच्या पोटात थेंब गोठतात, वर-खाली होत त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात, आणि वजन पेलेनासे झाले की गारा खाली येतात.

बोरीच्या द्राक्षबागायतदाराला किंवा निमगाव केतकीच्या पानमळेवाल्याला गारपिटीइतकीच धास्ती साध्या ढगाळ हवेची असते. जानेवारीत उत्तरेचा वारा थांबून पूर्वेकडून दमट हवा आली, रात्री दव वाढले, दोन-तीन दिवस ऊन पडले नाही, तर वेलीवर भुरी आणि केवडा दिसू लागतो आणि फवारणीचा खर्च वाढतो. पर्जन्यमापकात त्या दिवसांची नोंद शून्य असते. नुकसान मात्र झालेले असते.

वळवाची रेषा

वालचंदनगरात युरोपातल्या आघाडीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट एप्रिल-मेमध्ये दिसते. या महिन्यांत वायव्येकडून उष्ण, कोरडा वारा येतो आणि दक्षिण-आग्नेयेकडून समुद्राचा दमट वारा. दोन्ही जिथे भेटतात ती रेषा विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटक-तमिळनाडूपर्यंत उभी पसरते. हवामान विभागाच्या निवेदनांत आणि शेतीच्या वर्तमानपत्रांत तिला वारा खंडितता म्हणतात. ही रेषा पूर्वेला असेल तर आपल्याकडे नुसता उन्हाळा. ती पश्चिमेला सरकली की वळीव.

वळवाच्या ढगाच्या पोटातही एक छोटी आघाडी तयार होते. पावसाचे थेंब पडताना हवेला थंड करतात. ती जड हवा वेगाने खाली येते, जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते आणि पुढच्या गरम हवेला उचलते. पाऊस पोहोचण्याआधी येणारा गार वाऱ्याचा लोट आणि धुळीची भिंत ती हीच. याच वाऱ्याने केळीच्या बागा आडव्या होतात, पत्रे उडतात, शेडनेट फाटतात. वीज कोसळण्याचा धोकाही याच तासाभरात सर्वाधिक असतो. झाडाखाली थांबू नये, जनावरे उघड्यावर बांधू नयेत, आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवावे. हे ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देते आणि त्याने जीव वाचू शकतो.

अंदाज गावापर्यंत यायला हवा

भारतीय हवामान विभागाचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरची ती इमारत आजही शिमला ऑफिस म्हणून ओळखली जाते. १९३२ मध्ये पुण्यातच कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण प्रबंधन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, गारपीट अशा ताणांत पिके कशी तगवायची, हाच तिचा विषय. खुद्द वालचंदनगरच्या अवजड यंत्रांच्या कारखान्याने इस्रोच्या पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही रॉकेटांच्या मोटरची आवरणे घडवली आहेत. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे हवामानाचे उपग्रह जीएसएलव्हीनेच कक्षेत नेले. ३६ हजार किलोमीटरवरून ते दोन्ही समुद्रांवरची दमट हवा पाहतात. ज्या मातीत दुष्काळाने पिढ्या होरपळल्या, तिथल्या कामगारांचे हात या विद्येला लागले आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे.

एवढे सगळे जवळ असूनही गावपातळीवरची माहिती अपुरी आहे. 'महावेध' प्रकल्पात प्रत्येक महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र बसले, ही मोठी सोय झाली. पण एका मंडळात कितीतरी गावे येतात आणि वळवाचा पाऊस पाच किलोमीटरवर बदलतो. एका गावाचा ओढा फुटतो आणि केंद्र असलेल्या गावात नोंद असते तुरळक पावसाची. विमा आणि भरपाई त्या नोंदीवर ठरते.

पुढचा काळ अधिक कठीण आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते. पुण्याचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे चढउतार आहेत. पर्जन्यछायेत राहतो म्हणून आपण अतिवृष्टीपासून सुरक्षित, ही समजूत २०२० च्या ऑक्टोबरने आणि २०२५ च्या मेने खोटी ठरवली.

म्हणून दोन मागण्या आणि एक विनंती. प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक असावा आणि त्याची नोंद विम्यासाठी ग्राह्य धरावी. कालवे आणि ओढ्यांवरचे पूल पाचशे मिलिमीटरच्या सरासरीचा भरवसा न ठेवता एका दिवसाच्या अतिवृष्टीचा विचार करून दुरुस्त व्हावेत. साखर कारखान्यांना विनंती अशी: तुमचे गट ऑफिस आणि चिटबॉय गावोगावी आहेत, उसाच्या नोंदीबरोबर रोजचा पाऊस, वाऱ्याची दिशा आणि दव यांची नोंद ठेवली तर पाच वर्षांत या दोन तालुक्यांकडे राज्यात कुणाकडे नसेल अशी माहिती जमेल. आणि वाचकहो, उद्या अंदाज ऐकताना पाऊस येणार का, एवढेच विचारून थांबू नका. वारा कुठल्या दिशेचा आहे आणि त्यात ओल किती आहे, हेही विचारा. पावसाचे उत्तर त्यातच असते.